जमिनीच्या हिशेबात हरवलेला संघ: ॲरिझोना कायोटीजचं प्रकरण

१८ एप्रिल २०२४ रोजी बर्फावरच्या हॉकीची उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएलच्या मालकमंडळाने एक अजब ठराव मंजूर केला. ॲरिझोना कायोटीज संघाचे खेळाडू, त्यांचे करार आणि ड्राफ्टमधले (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले) हक्क सॉल्ट लेक सिटीच्या रायन स्मिथ यांच्या कंपनीला दिले गेले. संघाचं नाव, बोधचिन्ह आणि फ्रँचायझीचा हक्क मात्र मालक ॲलेक्स मेरुएलो यांच्याकडेच राहिला. पाच वर्षांत नवं अरीना, म्हणजे बंदिस्त स्टेडियम, बांधून दाखवलंत तर संघ पुन्हा सुरू करता येईल, असं त्यांना सांगण्यात आलं. कायोटीज कागदावर शिल्लक होते, पण उतरवायला एकही खेळाडू नव्हता. स्मिथ यांनी १२० कोटी डॉलर मोजले. त्यातले १०० कोटी मेरुएलोंना मिळाले आणि २० कोटी लीगच्या बाकी मालकांत वाटले गेले.

एनएचएलमध्ये तेव्हा ३२ संघ होते. त्यांतला हा सर्वांत रडतखडत चाललेला संघ अखेर १०० कोटी डॉलरला गेला, आणि विकला जाईपर्यंत त्याच्याकडे स्वतःच्या मालकीची खेळायची जागा कधीच नव्हती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की हे प्रकरण उलगडायला लागतं.

कायोटीजचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. वाळवंटात बर्फावरचा खेळ कोण बघणार, ही पहिली. मालकच नालायक होते, ही दुसरी. पहिलीत फारसं तथ्य नाही. कायोटीजच्या फिनिक्ससारखंच वाळवंटी असलेल्या लास व्हेगासला २०१७ मध्ये संघ मिळाला. तो पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत गेला आणि २०२३ मध्ये एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला. तिथलं अरीना खासगी पैशातून शहराच्या ऐन वर्दळीच्या भागात उभं राहिलं होतं. खुद्द फिनिक्सच्या परिसरानेही चांगले खेळाडू घडवले. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला ऑस्टन मॅथ्यूज स्कॉट्सडेलमध्ये, कायोटीजचे सामने बघत मोठा झाला. २०२३-२४ च्या हंगामात त्याने टोरोंटोसाठी ६९ गोल केले.

दुसरी गोष्ट अर्धी खरी आहे. मालक वाईट होतेच, पण एकामागून एक इतके वाईट मालक याच संघाच्या वाट्याला का आले, हे विचारायला हवं. माझं उत्तर असं, की इथे संघाच्या भवितव्याचा प्रत्येक मोठा निर्णय जमिनीवर होत गेला. अरीना कुठे, त्याभोवतीची जमीन कुणाच्या नावावर आणि त्यासाठीचं कर्ज कुणाच्या डोक्यावर, या तीन प्रश्नांपुढे हॉकी नेहमी मागच्या बाकावर बसली.

पोटभाडेकरू

हा संघ मूळचा कॅनडातल्या विनिपेगचा, नाव जेट्स. १९९० च्या दशकात खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये भराभर वाढत होते, कॅनडाचं चलन घसरत होतं आणि विनिपेगचं अरीना जुनाट झालं होतं. रिचर्ड बर्क आणि स्टीव्हन ग्लकस्टर्न यांनी संघ विकत घेतला. त्यांना तो आधी मिनेसोटात न्यायचा होता. ते जमलं नाही म्हणून १९९६ मध्ये फिनिक्स ठरलं. म्हणजे सुरुवातीपासूनच हे शहर दुसऱ्या पसंतीचं.

फिनिक्सच्या मध्यवस्तीतलं अमेरिका वेस्ट अरीना १९९२ मध्ये बास्केटबॉलच्या सन्स संघासाठी बांधलं होतं. बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद असतं, हॉकीची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. जास्तीचे शंभर-सव्वाशे फूट त्याच इमारतीत बसवल्यावर एका टोकाच्या वरच्या खुर्च्या रिंकवर लटकू लागल्या आणि तिथे बसणाऱ्यांना त्या बाजूचा गोलच दिसेना. अशी हजारो तिकिटं स्वस्तात काढावी लागायची. शिवाय इमारतीत मुख्य सत्ता सन्सची. पार्किंग, जाहिराती, खाणंपिणं, महागडे बॉक्स, हॉकीचा संघ या सगळ्यांवरच जगतो आणि इथे नेमका त्यातच दुसऱ्याचा हात.

म्हणून स्वतःचं अरीना हवं होतं, आणि ते बरोबरच होतं. २००१ मध्ये जमीन विकासक स्टीव्ह एलमन यांनी संघ घेतला. भागीदार म्हणून त्यांनी हॉकीतलं सर्वांत मोठं नाव आणलं, वेन ग्रेट्झ्की. एलमन यांची मूळ योजना स्कॉट्सडेलमध्ये, लॉस आर्कोस या मोडकळीस आलेल्या मॉलच्या जागी अरीना बांधायची होती. स्कॉट्सडेल महानगराच्या पूर्वेला आहे आणि तिथे पैसा आहे. हंगामी पास घेणारा, कंपनीच्या खर्चाने बॉक्स घेणारा प्रेक्षक त्या बाजूला राहत होता. पण शहराशी वाटाघाटी रेंगाळल्या आणि एलमन यांनी पश्चिमेच्या ग्लेंडेलशी सौदा केला. लॉस आर्कोसच्या जागेवर पुढे ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं स्कायसाँग हे केंद्र उभं राहिलं.

बहुतेक जण २००९ च्या दिवाळखोरीपासून हे प्रकरण सांगायला लागतात. माझ्या मते संघाचं भवितव्य या सौद्यातच ठरलं होतं.

ग्लेंडेलचं गणित

ग्लेंडेलमधली ती जागा तेव्हा शेतजमिनीची होती. अरीनाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले आणि त्यातले १८ कोटी शहराने कर्जरोखे काढून दिले. शहराचा हिशेब सोपा होता. अरीनाला लागून एलमन ‘वेस्टगेट’ नावाचं दुकानं, हॉटेलं आणि थिएटरं असलेलं मोठं संकुल बांधतील, लोक सामन्याला येतील, तिथेच जेवतील, खरेदी करतील, आणि त्या विक्रीकरातून कर्ज फिटेल. संघाने ३० वर्षांचा भाडेकरार केला. २००३ च्या डिसेंबरअखेर अरीना सुरू झालं.

आता अंतर बघा. आठवड्यातल्या दिवशी सामना संध्याकाळी सातला. स्कॉट्सडेल किंवा चँडलरहून निघालेला माणूस ऐन गर्दीच्या वेळी महामार्गावर. तास-सव्वा तास जाताना, सामना संपल्यावर पुन्हा परतीचा रस्ता, दुसऱ्या दिवशी कामावर. असे चाळीसेक सामने एका हंगामात. इंटेलच्या कारखान्यांमुळे चँडलरला राहायला गेलेल्या मराठी मंडळींना हा रस्ता कुणी समजावून सांगायला नको. शेजारी अमेरिकन फुटबॉलचं मोठं स्टेडियम २००६ मध्ये झालं आणि ते चाललंही, कारण फुटबॉलचे घरचे सामने वर्षाला आठ-दहाच, आणि बहुतेक रविवारी. हॉकीला मंगळवारची संध्याकाळही भरावी लागते.

वेस्टगेट २००६ च्या अखेरीस उघडलं आणि दोन वर्षांत मंदी आली. २००८ च्या मंदीत घरांच्या किमती देशात सर्वांत जोरात जिथे कोसळल्या त्यांत फिनिक्स महानगर होतं. २०११ पर्यंत वेस्टगेटचा मोठा भाग कर्ज देणाऱ्या संस्थेच्या ताब्यात गेला.

त्याआधी एक वाटणी झाली होती, आणि मला ती या प्रकरणाची कळ वाटते. मालवाहतुकीच्या धंद्यातले जेरी मोयेस हे एलमन यांचे भागीदार होते. २००५-०६ च्या सुमारास दोघे वेगळे झाले. एलमन यांनी वेस्टगेटची जमीन घेतली आणि मोयेस यांच्याकडे संघ व अरीनाचा भाडेकरार आला. मूळ योजनेत संघ तोट्यात गेला तरी जमिनीतून तो भरून निघणार होता, संघ हे गिऱ्हाईक खेचून आणण्याचं साधन होतं. वाटणीनंतर साधन एकाकडे आणि गल्ला दुसऱ्याकडे. मोयेस यांच्या पदरात नुसता तोटा पडला. शहराचं कर्ज मात्र दोन्ही तुकडे एकत्र चालतील या भरवशावर काढलेलं, तसंच राहिलं.

ग्रेट्झ्की २००५ ते २००९ प्रशिक्षक होते. त्या चार हंगामांत संघ एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, गेला नाही.

दिवाळखोरीचं न्यायालय

५ मे २००९ रोजी मोयेस यांनी संघासाठी दिवाळखोरीचा अर्ज केला. एनएचएलचे कमिशनर गॅरी बेटमन त्याच दिवशी संघ विकण्याचा वेगळा प्रस्ताव घेऊन फिनिक्सला निघाले होते. त्यांना याचा पत्ताच नव्हता. अर्जासोबत गिऱ्हाईकही तयार होतं: ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीचे सहप्रमुख जिम बाल्सिली. त्यांनी २१.२५ कोटी डॉलर देऊ केले, अट एकच, संघ कॅनडातल्या हॅमिल्टनला न्यायचा.

बाल्सिली लीगला चांगले ओळखीचे होते. २००६ मध्ये पिट्सबर्ग आणि २००७ मध्ये नॅशव्हिल, असे दोन संघ घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला होता. नॅशव्हिलच्या वेळी सौदा होण्याआधीच त्यांनी हॅमिल्टनमध्ये हंगामी तिकिटांसाठी अनामत घ्यायला सुरुवात केली होती. हॅमिल्टन तर टोरोंटो आणि बफेलो या दोन संघांच्या हद्दीत येतं. कॅनडाला सातवा संघ मिळवून देण्याची त्यांची मोहीम लोकांत गाजली, पण जुलैमध्ये मालकमंडळाने त्यांना मालक म्हणून २६ विरुद्ध ० मतांनी नाकारलं.

पुढचा वाद दिसतो त्यापेक्षा मोठा होता. मोयेस यांचा युक्तिवाद असा, की संघ दिवाळखोर आहे, धनकोंना जास्तीत जास्त पैसे मिळवून देणं हे न्यायालयाचं काम आहे, बाल्सिलींची रक्कम सर्वांत मोठी आहे, तर लीगच्या नियमांना डावलून विक्री करा. लीगला ते मान्य होणं शक्यच नव्हतं. संघ कुणाचा असावा आणि कुठे असावा हे लीगने ठरवायचं, हाच फ्रँचायझी पद्धतीचा कणा आहे. एकदा न्यायालयाने दार उघडलं की प्रत्येक तोट्यातला मालक दिवाळखोरीचा अर्ज टाकून आपला संघ हव्या त्या गावाला विकू शकला असता. बेसबॉल, बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या लीगनीही एनएचएलची बाजू घेतली ती याच धास्तीने.

न्यायाधीश रेडफिल्ड बॉम यांनी जूनमध्ये पहिला सौदा फेटाळला. सप्टेंबरअखेर दोन बोल्या समोर होत्या. बाल्सिली २४.२५ कोटींपर्यंत चढले होते, आणि खुद्द लीगने १४ कोटी देऊ केले होते. ३० सप्टेंबरच्या निकालात न्यायाधीशांनी दोन्ही नाकारल्या. बाल्सिलींना संघ दिला तर लीगच्या हक्कांचं पुरेसं संरक्षण करता येत नाही, म्हणून त्यांची बोली कायमची बाद झाली. लीगची बोली बाद झाली ती धनकोंमध्ये भेदभाव करत होती म्हणून. तीत मोयेस आणि ग्रेट्झ्की यांना सोडून बाकी विनातारण धनकोंचे पैसे भागवले जाणार होते. पण लीगला बोली दुरुस्त करायला वाव ठेवला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एनएचएलने १४ कोटींना संघ विकत घेतला. ग्रेट्झ्की सप्टेंबरमध्येच पायउतार झाले होते.

कायद्याच्या अंगाने निकाल मला योग्य वाटतो. लीगने मात्र जिंकून एक वेगळंच ओझं घेतलं. ज्या संघाला फिनिक्समध्ये गिऱ्हाईक नाही असं मालक सांगत होता, त्याच संघाला फिनिक्समध्येच ठेवायची जबाबदारी आता लीगची झाली. हट्टामागे कारण होतं. अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही बाजारांपैकी हा एक आणि शहरात सतत नवे लोक येत होते. पण मधल्या काळातला तोटा कुणी भरायचा? लीगने बोट दाखवलं ग्लेंडेलकडे.

शहर खिसा उलटा करतं

२०१०-११ आणि २०११-१२ या दोन हंगामांसाठी ग्लेंडेलने संघाच्या तोट्यापोटी वर्षाला २.५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम लीगला द्यायचं मान्य केलं. जवळपास अडीच लाख वस्तीचं हे शहर. मंदीने विक्रीकर आटलेला, बेसबॉलच्या सराव मैदानाचंही कर्ज डोक्यावर. पूर्ण प्रकरणातला सर्वांत वाईट निर्णय कोणता असं मला विचारलंत तर मी याच्यावर बोट ठेवीन. अरीना बांधणं ही निदान गुंतवणूक होती, चुकली. हे पैसे म्हणजे नव्या मालकाची वाट बघण्याचं भाडं होतं, आणि वाट किती बघायची हे शहराच्या हातात नव्हतं.

गिऱ्हाईकं येत गेली. शिकागोचे मॅथ्यू हुलसायझर यांच्याशी ठरलेल्या सौद्यात शहर पार्किंगच्या हक्कांपोटी १० कोटी डॉलर देणार होतं, वर अरीना चालवायचे ९.७ कोटी. ॲरिझोनाच्या राज्यघटनेत एक कलम आहे: सरकारी पैसा खासगी व्यक्तीला दान म्हणून देता येत नाही. गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या करदात्यांच्या बाजूने खटले लढणाऱ्या संस्थेने त्याच कलमावर न्यायालयात जायचा इशारा दिला. त्या सावटाखाली कर्जरोखे परवडणाऱ्या व्याजाने विकले जाईनात आणि जून २०११ मध्ये हुलसायझर निघून गेले. काहींनी गोल्डवॉटरवर संघ घालवल्याचं खापर फोडलं. मला उलट वाटतं. ज्या पार्किंगचे हक्क मुळात शहराचेच आहेत का यावर वाद होता, त्यांच्यासाठी १० कोटी मोजण्याआधी कुणीतरी हात धरायलाच हवा होता. मग सॅन होजे संघाचे माजी प्रमुख ग्रेग जेमिसन आले. त्यांच्यासाठी शहराने २० वर्षांचा ३२.४ कोटींचा करार मंजूर केला. जानेवारी २०१३ अखेरच्या मुदतीत त्यांना पैसे उभे करता आले नाहीत.

याच काळात दोन गोष्टी घडल्या. मे २०११ मध्ये अटलांटाचा संघ विनिपेगला हलवला गेला आणि त्याला जेट्स हे जुनं नाव मिळालं. विनिपेगने मधल्या वर्षांत शहराच्या मध्यवस्तीत नवं अरीना बांधलं होतं. आकाराने लहान, पण ते चालवणाऱ्यांच्याच मालकीचं. तेच लोक आता संघाचेही मालक झाले. फिनिक्सला पंधरा वर्षांत जे जमलं नाही ते तिकडे झालं.

दुसरी गोष्ट बर्फावरची. २०१२ मध्ये डेव्ह टिपेट यांच्या प्रशिक्षणाखाली, शेन डोनच्या कप्तानीत आणि गोलरक्षक माइक स्मिथच्या जोरावर कायोटीज विभागीय अंतिम फेरीत पोचले. ॲरिझोनात आल्यापासून प्लेऑफची एकही मालिका न जिंकलेल्या संघाने शिकागो आणि नॅशव्हिलला हरवलं, मग लॉस एंजेलिसकडून पाच सामन्यांत हरला. संघाच्या इतिहासातला हा सर्वांत चांगला हंगाम, आणि तेव्हा त्याला मालकच नव्हता.

२ जुलै २०१३ रोजी ग्लेंडेल कौन्सिलने ४ विरुद्ध ३ मतांनी नव्या कराराला मान्यता दिली. आइसॲरिझोना नावाचा गट, प्रामुख्याने कॅनडातले गुंतवणूकदार, संघ १७ कोटींना घेणार आणि शहर अरीना चालवण्यासाठी त्यांना १५ वर्षांत २२.५ कोटी, म्हणजे वर्षाला १.५ कोटी देणार. पाच वर्षांत तोटा ५ कोटींवर गेला तर संघ हलवायची मुभाही करारात होती. एका मताने पास झालेला करार किती टिकणार, हे तेव्हाच दिसायला हवं होतं. वर्ष-दीड वर्षात अँड्र्यू बॅरोवे यांनी ५१ टक्के हिस्सा घेतला. तेव्हा संघाचं मूल्य धरलं गेलं ३०.५ कोटी. तोट्यातल्या संघाची किंमत अठरा महिन्यांत पावणेदोनपट!

यातलं अर्थशास्त्र समजायला सोपं आहे. संघ दर वर्षी पैसे गमावत असला तरी लीगमधली जागा दुर्मिळ आहे. नवे संघ मोजकेच मिळतात, टीव्हीचे करार वाढत जातात, म्हणून जागेची किंमत वाढतेच. विकणारा सहसा मोकळा होतो. इमारत विकता येत नाही, ती ज्याच्याकडे आहे तो अडकतो. इथे ती शहराकडे होती.

जून २०१५ मध्ये ग्लेंडेलने करार रद्द करायला ५ विरुद्ध २ मतांनी मंजुरी दिली. कारण दाखवलं ते तांत्रिक: शहराचा माजी वकील संघाच्या नोकरीत गेला, हा हितसंबंधांचा कायदा मोडणं आहे. खरं कारण वर्षाचे दीड कोटी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तडजोड झाली, दोन वर्षांचा करार, वर्षाला ६५ लाख. त्यानंतर संघ वर्षावर्षाच्या बोलीवर भाडेकरू राहिला.

कागदी खेळाडू

अशा संघाचा कारभार कसा चालतो याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. एनएचएलमध्ये पगारांवर वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. ठरावीक रकमेपेक्षा कमी पगारांचा संघ उतरवता येत नाही. पैसे वाचवायचे आणि खालची मर्यादाही गाठायची, तर काय करायचं? कायोटीजने इतर संघांकडून असे करार घेतले ज्यांतले खेळाडू आता खेळतच नव्हते. हिशेबात रक्कम मोठी, प्रत्यक्ष खर्च थोडा, आणि ओझं उचलल्याबद्दल समोरच्याकडून तरुण खेळाडू किंवा ड्राफ्टमधली जागा. ख्रिस प्रॉन्गर २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला तेव्हा तो कागदोपत्री कायोटीजचा खेळाडू होता. त्यांच्यासाठी तो एक मिनिटही खेळला नाही. पावेल दात्सयुक रशियाला परतला होता, मारियन होसा आजारपणाने थांबला होता, तरी दोघांचे करार ॲरिझोनाच्या वहीत आले. नियमात बसणारं होतं सगळं. पण ज्याला तिकीट विकायचं त्या प्रेक्षकाला यात काय मिळालं? २०१७ मध्ये संघाने शेन डोनलाही पुढचा करार दिला नाही. विनिपेगपासून तो या संघात होता.

टेम्पीचं मतदान

२०१९ मध्ये मेरुएलो आले. एनएचएल संघाचे ते पहिले लॅटिनो बहुमत मालक. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लेंडेलने कळवलं, की पुढच्या हंगामानंतर करार नाही. शहराचा हिशेब असा झाला होता, की हॉकीच्या तारखा मोकळ्या केल्या तर संगीताच्या मैफलींतून अरीना जास्त कमावेल. त्या डिसेंबरात अरीनाला कुलूप लावायची धमकी देण्यापर्यंत वेळ आली, कारण संघाने १३ लाख डॉलरहून जास्त कर थकवले होते. मानवी चूक झाली असं सांगून संघाने पैसे भरले. रक्कम मोठी नव्हती. पण नव्या शहराकडे जमीन मागायला निघालेल्या मालकाने करच थकवावेत, याला वेळ साधणं म्हणत नाहीत.

ऑक्टोबर २०२२ पासून संघ फिनिक्सला लागून असलेल्या टेम्पी शहरात, ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मलेट अरीनात खेळू लागला. विद्यार्थ्यांच्या संघासाठी बांधलेलं ते नवंकोरं, सुबक अरीना. कायोटीजच्या सामन्यांना आसनं सुमारे ४,६००. लीगमधली बाकीची अरीना १५ ते २१ हजारांची. पहिल्या सामन्यात समोर नेमका विनिपेगचा संघ आला आणि कायोटीज जादा वेळेत हरले. गंमत म्हणजे तिथे खेळ बघणाऱ्यांना फार आवडायचा. बर्फ हाताच्या अंतरावर, आवाज घुमायचा. धंदा म्हणून मात्र ते अशक्य होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्टी वॉल्श यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली.

खरी आशा होती जवळच्याच ४६ एकरांवर. ती टेम्पी शहराची जमीन, जुनी कचराभूमी. तिथे २१० कोटी डॉलर खर्चून १६ हजार आसनांचं अरीना, हॉटेलं, दुकानं आणि सुमारे दोन हजार घरं उभी करायची योजना होती. कचरा काढायचा खर्च आधी विकासकाने उचलायचा आणि तिथेच जमणाऱ्या करांतून तो फेडून घ्यायचा. वर मालमत्ता करात लांब मुदतीची सूट. कौन्सिलने ही योजना एकमताने मंजूर करून तीन प्रस्तावांच्या रूपात नागरिकांच्या मतदानाला पाठवली. यातला एक अडसर हॉकीचा नव्हताच. जागा स्काय हार्बर विमानतळाच्या उड्डाणमार्गाखाली येत होती, आणि तिथे घरं बांधण्याला विमानतळ चालवणाऱ्या फिनिक्स शहराचा विरोध होता. प्रकरण न्यायालयात गेलं.

१६ मे २०२३ रोजी तिन्ही प्रस्ताव सुमारे ५६ विरुद्ध ४४ टक्क्यांनी पडले.

मला स्वतःला तो करार ग्लेंडेलच्या कुठल्याही करारापेक्षा बरा वाटतो. शहराने आधी कर्ज काढायचं नव्हतं, आणि कचराभूमी तशीच पडून होती. तरी मतदारांना दोष देता येत नाही. भाडी आधीच वाढलेली होती, करसूट तीस वर्षांपर्यंतची होती, आणि महामार्गाने अर्ध्या तासावर ग्लेंडेलचं उदाहरण उभं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच या संघाबद्दल थेट नागरिकांना विचारलं गेलं. त्यांनी जे उत्तर दिलं ते बरंचसं आधीच्या सगळ्या करारांना दिलेलं होतं.

पुण्याच्या वाचकाला या टप्प्यावर पुणे वॉरियर्स आठवतील. शुल्काच्या वादात सहारा समूह २०१३ मध्ये आयपीएलमधून बाहेर पडला आणि संघ तीन हंगामांत संपला. आपल्याकडे तो वाद मालक आणि बीसीसीआय यांच्यातला होता. गहुंजेला राहणाऱ्या कुणाला मत विचारलं गेलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. अमेरिकेत अरीनासाठी शहराची तिजोरी उघडते, म्हणून तिथे मतपेटीही येते.

लिलाव आणि निर्गमन

टेम्पीनंतर मेरुएलोंनी शेजारच्या मेसा शहरात जमीन चाचपली आणि मग उत्तर फिनिक्समधली राज्य सरकारची जवळपास शंभर एकर जमीन हेरली. लिलाव २७ जून २०२४ ला, किमान बोली ६.८५ कोटी. लीग मात्र तोवर थांबायला तयार नव्हती. जमीन मिळाली असती तरी अरीना उभं राहायला आणखी तीन वर्षं, म्हणजे तितके हंगाम ४,६०० आसनांत. १२ एप्रिलला जनरल मॅनेजर बिल आर्मस्ट्राँग एडमंटनला जाऊन खेळाडूंना संघ हलणार असल्याचं सांगून आले. १७ एप्रिलला मलेटमध्ये शेवटचा सामना झाला, कायोटीजने एडमंटनला ५-२ असं हरवलं. त्या संघात डोनचा मुलगा जॉश होता. तीनच आठवड्यांपूर्वी पदार्पणाच्या सामन्यात त्याने दोन गोल केले होते.

लिलाव झालाच नाही. आधी जमिनीच्या वापराचा विशेष परवाना घ्या, असं म्हणत राज्याच्या जमीन खात्याने तो काही दिवस आधी रद्द केला. मेरुएलोंनी लगेच हात झटकले आणि फ्रँचायझीचा हक्क लीगकडे परत गेला. २०१९ मध्ये साधारण ३० कोटींच्या मूल्यावर घेतलेल्या संघाचे त्यांना १०० कोटी मिळाले होते. स्वतःच्या अरीनासाठी जमीन न मिळाल्याने जो संघ हलवावा लागला, त्यातून मालकाचा फायदा झाला तो असा.

सॉल्ट लेक सिटीत संघाला आता युटा मॅमथ असं नाव आहे. रायन स्मिथ यांच्याकडे बास्केटबॉलचा युटा जॅझ संघ आधीच होता, त्यामुळे संघ आणि अरीना दोन्ही एकाच हाताखाली आहेत. डेल्टा सेंटर शहराच्या मध्यवस्तीत आहे, पण तेही बास्केटबॉलसाठी बांधलेलं. पहिल्या हंगामात तिथे पूर्ण रिंक दिसणाऱ्या खुर्च्या ११ हजारांच्या आसपास होत्या, बाकीच्यांना एक गोल दिसत नव्हता. ते दुरुस्त करण्यासाठी आणि भोवतालचा भाग विकसित करण्यासाठी विधिमंडळाने कायदा केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिटी कौन्सिलने अर्धा टक्का जादा विक्रीकर मंजूर केला. त्यातून ९० कोटी डॉलरपर्यंत उभे राहायचे आहेत. त्यावर मतदान घेतलं गेलं नाही.